चिंचोक्यांचा राजा कोणती भाषा बोलतो?

गेल्या पावसाळ्यात सीमाभागातील एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांबरोबर सहा दुपारी घालवण्याचा योग आला. कार्टून कसे तयार होते ते मुलांना करून दाखवावे, एवढाच हेतू होता. भांडवल म्हणजे एक जुना मोबाईल, एक टेबल आणि मुलांनी घरून आणलेले ओंजळभर चिंचोके. गोष्ट मुलांनीच रचली. एका राजाचा मुकुट हरवतो, शिपाई राज्यभर शोधतात आणि शेवटी तो एका मुंगीला सापडतो. चिंचोके तसूतसूने सरकवून फोटो काढून झाले आणि आवाज भरण्याची वेळ आली. राजा झालेली मुलगी छाती पुढे काढून म्हणाली, "कौन है वहाँ? मेरा मुकुट कहाँ है?" शिपाई झालेला मुलगा मात्र पडेल आवाजात म्हणाला, "गावला न्हाई, महाराज."

मी विचारले, "राजा हिंदीत का बोलतो गं?"

"सर, कार्टुनातलं राजं हिंदीच बोलत्यात."

"आणि शिपाई?"

"त्यो आपल्यातलाच की!"

सारा वर्ग खो खो हसला. मला मात्र त्या हसण्यात सामील होता आले नाही.

त्या मुलीला हे कोणी शिकवले नव्हते. तिच्या घरी मराठी, शाळेत मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड. तरीही राज्य करणाऱ्याची भाषा एक आणि चाकरी करणाऱ्याची दुसरी, अशी वाटणी तिच्या मनात केव्हाच होऊन गेली होती. लहान मुले टीव्हीवर आणि मोबाईलवर जी कार्टून तासन् तास पाहतात, त्यांपैकी बहुतेक हिंदीत बोलतात. मराठीत बोलणारी फार थोडी. मग पडदा म्हणजे हिंदी आणि घर म्हणजे मराठी, असा हिशेब मुलांनी केला तर दोष त्यांचा नाही. आपण भाषेच्या प्रश्नावर मोर्चे काढले, ठराव केले, निवेदने दिली. ते सारे आवश्यक होते आणि आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या मनातला राजा कोणत्या भाषेत बोलतो, याची चौकशी आपण क्वचितच केली.

प्राथमिक शाळेत ॲनिमेशन आणि चित्रपट शिकवावा काय, हा प्रश्न मला या बाजूने महत्त्वाचा वाटतो. "मुलांना पुढे कॉम्प्युटरमध्ये करिअर करता येईल" हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खोटे नाही, पण चौथीच्या मुलाला करिअरची घाई नसते. आपली गोष्ट आपल्या आवाजात पडद्यावर उमटते, हे त्याने एकदा अनुभवावे, हे कारण मला अधिक मोठे वाटते.

विद्या परकी नाही

ॲनिमेशन म्हटले की अमेरिका किंवा जपान डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आपल्या मुलुखाचा या कलेशी शंभराहून अधिक वर्षांचा संबंध आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'चे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. तो चित्रपट १९१३ साली लागला. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, ते थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर ती वाढ मिनिटभरात दिसली. ती पाहून धनकोला त्यांच्यावर विश्वास बसला आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहिला. म्हणजे भारतीय चित्रपटाचे पहिले कर्ज एका वाटाण्याच्या तारणावर मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे याच फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. आमचे चिंचोके त्याच घराण्यातले.

फाळके शिकले कुठे, तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि त्यानंतर वडोदऱ्याच्या कलाभवनात. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने हे कलाभवन १८९० साली सुरू झाले. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी संस्थानाने ही विद्या जोपासली, हे वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या वाचकांना अभिमानाने आठवेल.

आपल्याला तर इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. बेळगावहून शंभरसव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने घरच्या घरी कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्याच कोल्हापुरात १९२९ साली 'प्रभात' कंपनी स्थापन झाली. ती पुण्याला गेल्यावर १९३४ साली तिने 'जंबू काका' हे व्यंगचित्रांचे हलते चित्र केले. भारतातल्या अगदी आरंभीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते.

आणखी मागे जायचे तर आंबोलीचा घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करीत आला आहे. रंगवलेल्या चित्रांची चळत समोर ठेवायची, एकेक चित्र उचलून दाखवायचे आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. चित्र पुढे सरकते आणि आवाज त्याला जीव देतो. चित्रपटातही दुसरे काय असते? ही परंपरा जपणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली 'पद्मश्री' जाहीर झाली. शाळेची सहल गोव्याला निघते तेव्हा वाट वाकडी करून मुलांना पिंगुळी दाखवली, तर ॲनिमेशनचा पहिला धडा तिथेच होईल.

सेकंदाला बारा चित्रे

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिल्या दोन दुपारी मोबाईलला हात लावायचा नाही, असा नियम आम्ही केला. पहिल्या दिवशी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट. दोन्ही कडांना दोरे ओवून चकती गरगर फिरवली की पोपट पिंजऱ्यात! हे खेळणे १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये विकले जात असे. चित्र काढताना पोपट उलटा काढावा लागतो, ही मेख मुलांनी स्वतःच चुकून चुकून शोधली. ती आधी सांगू नये, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी जुन्या वह्यांच्या कोपऱ्यांवर चित्रे काढली. प्रत्येक पानावर चेंडू थोडा वर, मग थोडा खाली. पाने अंगठ्याने फर्रकन् सोडली की चेंडू उडी मारतो. अशा पुस्तिकेचे पेटंट इंग्लंडमध्ये १८६८ साली घेतले गेले. पण आपण सर्वांनीच कंटाळवाण्या तासाला कुठल्यातरी वहीच्या कोपऱ्यात हा उद्योग केला आहे! थांबलेली चित्रे हलल्यासारखी का वाटतात, हे मुले विचारतातच. पूर्वी याचे उत्तर, डोळ्यात आधीचे चित्र क्षणभर रेंगाळते, असे देत. आता हे काम मुख्यतः मेंदूचे मानले जाते. जवळजवळची चित्रे लागोपाठ दिसली की मेंदू मधली गती आपणहून भरून काढतो.

तिसऱ्या दिवशी मोबाईल आला. त्याला उभे करण्यासाठी खास स्टँड नको. दोन विटांवर एक लाकडी पट्टी आडवी टाकून तिला मोबाईल रबराने बांधला, भिंग खाली टेबलाकडे. 'स्टॉप मोशन स्टुडिओ'सारखे ॲप मोफत उतरवून घेता येते. फोटो ओळीने लावून ते चालवून दाखवते. दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे उजेड. खिडकीतून ऊन-सावली खेळत असली की चित्र लुकलुकते. तेव्हा खिडकी लावून घ्यावी आणि एकच दिवा ठेवावा. दुसरी अडचण हातांची. फोटो काढताना टेबलावर कोणाचे तरी बोट राहून जाते. आमच्या राजाच्या दरबारात तीन वेळा एक भले मोठे बोट अवतरले. मुलांनी त्याला 'राक्षस' ठरवले आणि गोष्टीत घेतले.

गणिताची गंमत वेगळीच. चित्रपटगृहातला चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने चालतो. ॲनिमेशन करणारे पुष्कळदा एक चित्र दोनदा वापरून बारा चित्रांत काम भागवतात. मुलांसाठी बारा पुरेत. वर्गात तीस मुले आहेत असे धरा आणि तीस सेकंदांची फिल्म करायची ठरवा. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे चित्रे झाली तीनशेसाठ आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला आली नेमकी बारा. म्हणजे एका मुलाचा एक सेकंद! फिल्म दाखवताना प्रत्येक जण आपल्या सेकंदाची श्वास रोखून वाट पाहतो. बाराचा पाढा इतक्या आनंदाने म्हटलेला मी तरी पूर्वी ऐकला नव्हता.

आधी शब्द, मग चित्र

आमची चूकही सांगायला हवी. आम्ही फोटो आधी काढले आणि आवाज नंतर भरला. जाणकार बहुधा उलट करतात. आधी आवाज नोंदवतात, प्रत्येक वाक्याला किती सेकंद लागतात ते मोजतात आणि त्या मापाने चित्रे करतात. हे आम्हाला उशिरा उमगले. शिपायाचे वाक्य चार सेकंदांचे आणि त्याची हालचाल दोन सेकंदांची, अशी गत झाली. चौथ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा मांडले आणि शब्दांपासून सुरुवात केली.

तिथेच मराठीचा खरा तास सुरू झाला. मुलांनी पहिल्यांदा लिहिले होते, "एका आटपाट नगरात एक पराक्रमी राजा राज्य करीत होता. त्याचा सुवर्णमुकुट एके दिवशी हरवला." वाचायला दहा सेकंद लागले. तीस सेकंदांच्या फिल्ममधले दहा असे गेले तर मुंगी येणार कधी? मुले स्वतःच कातरी चालवू लागली. 'पराक्रमी' कशाला? तो काही लढत नाही. 'सुवर्ण' कशाला? पिवळा कागद दिसतोच आहे. 'हरवला' कशाला? डोके रिकामे दिसते की! शेवटी उरले दोन शब्द : "माझा मुकुट?" जे डोळ्याला दिसते ते तोंडाने सांगू नये, हा लेखनाचा धडा निबंधाच्या वहीत लाल शाईने कितीही वेळा लिहिला तरी मुलांना पटत नाही. इथे तो त्यांनी एकमेकांना शिकवला.

मग मी पुन्हा तोच प्रश्न टाकला. "आता राजा कोणत्या भाषेत बोलणार?" बराच वेळ कोणी बोलेना. राजा झालेली मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "सर, मराठीत बोलीन. पण पुस्तकातलं बोलू की घरातलं?"

या प्रश्नाने मला अधिकच अंतर्मुख केले. तिच्या दृष्टीने आता तीन पायऱ्या होत्या. वर पडद्यावरची हिंदी, मध्ये पुस्तकातली मराठी आणि सर्वांत खाली घरची बोली. "काय करालास?" म्हणणारी, कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेली आपली सीमाभागातली मराठी तिला पडद्यासाठी अपुरी वाटत होती. पुण्यामुंबईकडचे पाहुणे आपल्या बोलीला हसतात, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. पण कन्नडचा शेजार ही काही आपल्याच बोलीची खोड नव्हे. अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे शब्द पुण्याच्या घरातही आहेत आणि अभ्यासक ते कन्नडमधून आलेले मानतात. मराठीला २०२४ साली केंद्राने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे आपणही वाटले. त्या दर्जाचा वाटा खेड्यातल्या मुलीच्या तोंडच्या बोलीपर्यंत पोचला, तरच तो आनंद पुरता.

मी तिला सांगितले, "राजा तुझ्या गावचा आहे. तुझे आजोबा रागावल्यावर जसे बोलतात, तसा बोलू दे." तिने आजोबांचा आवाज असा काही काढला, की शेजारच्या वर्गातल्या बाई काय झाले ते पाहायला दारात आल्या.

हे काही माझे संशोधन नव्हे. वडोदऱ्यात चित्रकला शिकलेल्या नीना सबनानी यांनी २००९ साली 'टांको बोले छे' हा ॲनिमेशनपट केला. कच्छच्या कारागीर स्त्रियांनी कापडावर भरलेली आपल्या आयुष्याची चित्रे त्यात हलतात आणि गोष्ट त्या स्त्रियाच आपल्या आवाजात सांगतात. तो आवाज कोणी शहरी निवेदकाने दिला असता, तर फिल्म देखणी झाली असती, पण तिच्यातला प्राण गेला असता.

शेजारच्या वर्गासाठी

सीमाभागात पुष्कळ ठिकाणी मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात किंवा एकाच गल्लीत भरतात. मुले एकाच मैदानावर खेळतात. ॲनिमेशनचा एक गुण असा, की चित्राला भाषांतर लागत नाही आणि आवाज सहज बदलता येतो. एकच फिल्म मराठी मुलांनी मराठीत आणि शेजारच्या मुलांनी कन्नडमध्ये बोलवावी. चिंचोके तेच, मुकुट तोच, राजाचे आजोबा मात्र दोन. "मुंगी हे कसं म्हणेल तुमच्यात?" असे मुले एकमेकांना विचारतील. आपल्या भाषेचा हक्क ठामपणे मागावा आणि शेजाऱ्याची भाषा प्रेमाने ऐकावी, या दोन गोष्टी एका वर्गात मावतात. मोठ्यांना जमले नाही म्हणून मुलांना जमणार नाही असे नाही.

हक्काची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचे कर्तव्य राज्यघटनेच्या कलम ३५०-क ने सांगितले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते घातले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कलमाने शाळेचे दार उघडे राहते. पण पालक आपले मूल त्या दारातून आत पाठवतील ते आत काहीतरी जिवंत चालले आहे असे दिसले तरच. मराठी शाळा म्हणजे गरिबांची, मागासलेली, हा समज घोषणांनी जाणार नाही. मूल संध्याकाळी घरी येऊन "आज मी एक सेकंद केला!" असे सांगू लागले, तर कदाचित जाईल.

काही सावधगिरी

उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरू नयेत. पहिली गोष्ट ही, की मोठ्यांनी हात आखडता घ्यावा. शिक्षक किंवा पालक चिंचोके सरळ ओळीत लावायला लागले, की फिल्म नीटनेटकी होते आणि मुले प्रेक्षक होतात. वाकडे चालणारे शिपाई चालतील.

दुसरी गोष्ट उपदेशाची. स्पर्धेसाठी म्हणून 'पाणी वाचवा', 'झाडे लावा' असे विषय वरून लादले, की मुले पाठ केलेले भाषण आणतात. त्यांना मुकुट हरवायचा असेल तर हरवू द्यावा. आमच्या गोष्टीत शेवटी मुंगीने मुकुट परत दिलाच नाही. त्यात तिने घर केले. राजा टोपी घालून राज्य करू लागला. एवढा शहाणपणाचा शेवट मला सुचला नसता.

तिसरी गोष्ट मोबाईलची. तो शिक्षकांच्या ताब्यात राहावा आणि कामापुरताच बाहेर यावा. आम्ही त्यात सिमकार्ड ठेवले नव्हते. मुलांचे चेहरे टिपून जगभर पाठवण्याचे काही कारण नाही. चिंचोक्यांच्या फिल्ममध्ये चेहरे नसतात, हाही त्यांचा एक गुणच. फिल्म पालकांना शाळेत बोलावून भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवावी. प्रोजेक्टर नसला तर ओळखीच्या कोणाकडून एका संध्याकाळपुरता मागून आणावा.

चौथी गोष्ट लाजऱ्या मुलांची. आमच्या वर्गात एक मुलगा सहा दिवसांत दहा वाक्येही बोलला नाही. पण चिंचोके सरकवण्यात त्याचा हात इतका हलका, की सारे जण त्याच्याकडे धावत. मुंगीचा आवाज कोणाचा, यावर भांडण लागले तेव्हा त्यानेच हळूच हात वर केला. मुंगीला एकच वाक्य होते : "आता हे माझं घर." त्याने ते चार वेळा म्हटले आणि चौथ्यांदा सर्वांना ऐकू आले.

सहाव्या दिवशी चादरीवर फिल्म लागली. तीस सेकंदांत संपली. मुलांनी ती सात वेळा लावायला लावली. मागे बसलेल्या एका आजोबांनी राजाचा आवाज ऐकला आणि शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले, "ह्यो तर मीच बोलायलोय की!" राजा झालेली मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिने वळून त्यांच्याकडे पाहिले आणि मान ताठ केली.

आपल्या गावच्या शाळेत एक टेबल असेल, विटा असतील, कोणाचा तरी जुना मोबाईल असेल आणि चिंचोके तर असतीलच. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा दुपारी काढाव्यात आणि फिल्म गावाला दाखवावी. तुमच्या वर्गातला राजा कोणत्या भाषेत बोलला, ते आम्हाला जरूर कळवावे.